गैरहजर मुलांच्या मागोमाग

शाळांचे इतिहास बहुधा हजर मुलांचे असतात. पटसंख्या किती वाढली, शालान्त परीक्षेचा निकाल किती लागला, कोणता माजी विद्यार्थी कोठवर पोचला, इमारतीवर दुसरा मजला कधी चढला, असा तो हिशेब असतो. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवरील आपल्या संस्थेचा इतिहास या रीतीने लिहायला घेतला तर हाती फार थोडे लागते. तो न आलेल्या मुलापासून सुरू करावा लागतो. बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर, विकासवाडी, कुरणशाळा, रात्रशाळा ही संस्थेच्या कामाची सारी अंगे एकेका गैरहजर मुलाचा माग काढताना तयार झाली. मूल आले नाही, तर ते का आले नाही हे पाहायला बाईंनी त्याच्या पाड्यावर जायचे, आणि जे कारण सापडेल त्याप्रमाणे मुलाने नव्हे, शाळेने बदलायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आयुष्यभर हेच केले.

नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेला २०२६ साली शंभर वर्षे होतात. संघाच्या ग्राम बालशिक्षा केंद्राला डिसेंबर २०२५ मध्ये ऐंशी वर्षे झाली. एवढ्या वर्षांतल्या प्रत्येक उपक्रमाची नोंद या लेखात करण्याचा विचार नाही. ज्या थोड्या वळणांमुळे संस्था ही संस्था झाली, त्यांच्याजवळ थांबायचे आहे.

संघ जन्मला तो ठाणे जिल्ह्यात नव्हे, सौराष्ट्रात. वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात उतरलेले गिजुभाई बधेका भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवत होते. १९२३ साली ताराबाई तिथे गेल्या. मुंबईतल्या प्रार्थनासमाजी घरात १९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या तारा केळकरांनी, म्हणजे पुढच्या तारा मोडकांनी, १९१४ साली बी. ए. केले होते. संसार मोडल्यावर त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य झाल्या. मानाची, चांगल्या पगाराची ती जागा सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये जमिनीवर येऊन बसल्या. १९२६ साली दोघांनी मिळून संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि १९३३ पासून मराठीत निघू लागली. मुलाला मारू नका, बक्षिसाचे आमिष दाखवू नका, त्याच्या हाताला काम द्या आणि मध्ये पडू नका, हे ती घरोघरच्या आईबापांना सांगत होती. छडी हे शिक्षणाचे मुख्य साधन समजले जात होते त्या काळी हे बोलणे बंडाचेच होते.

हे बोलणे ज्या पद्धतीतून आले तिच्या जनक मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत उघडले. आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांवर, गल्ल्यांत मोकाट फिरणाऱ्या पोरांसाठी ते होते. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे मात्र प्रथम रुजली ती शहरांतल्या सुस्थित घरांत. गुळगुळीत लाकडी दट्ट्यांचे संच, गुलाबी मनोरा, मोजमापाने केलेल्या रंगीत पट्ट्या हे साहित्य महाग होते. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाईंनी शिशुविहार सुरू केले तेव्हा तिथे येणारी मुले मध्यमवर्गातली होती. शिशुविहार उत्तम चालले. तिथे शिक्षिका तयार झाल्या, पालक बदलले, मराठी बालशिक्षणाला वळण लागले. १९३९ साली गिजुभाई गेले, त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः भारतात अड्यारला आल्या. ताराबाईंच्या जागी दुसरे कोणी असते तर शहरातला हा मान आणि जम पुढच्या आयुष्याला पुरेसा वाटला असता.

पण देशातली बहुसंख्य मुले दादरला राहत नव्हती. गांधीजींनी तुरुंगातून सुटल्यावर नई तालीमची कल्पना विस्तारली आणि सात वर्षांच्या आतल्या मुलांचे शिक्षणही तिच्यात घेतले. खेड्यात चालेल, खेड्याला परवडेल अशी बालवाडी हवी होती. ताराबाईंनी ते मनावर घेतले. समुद्रकाठच्या बोर्डी गावी आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांचे काम उभे होते. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा गाजत होती, आणि बाळासाहेब खेरांच्या सोबतीने भिसे आदिवासींच्या सेवेत शिरले होते. जागा ठरली बोर्डी. सोबतीला आल्या अनुताई वाघ.

अनुताईंची माहिती नव्या वाचकासाठी द्यायला हवी. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातले मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या रीतीप्रमाणे आयुष्य तिथेच संपायचे. घरच्यांच्या पाठबळावर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले, रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली. पुण्यातली कायमची नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि अनुताई पस्तिशीच्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी केंद्राचे काम सुरू झाले.

ते वर्ष या भागात कसले होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतला वारली तेव्हा सावकार-जमीनदाराच्या वेठीला बांधलेला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे मालकाकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या मेळाव्याला पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून घरी गेले. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच जण ठार झाले. त्यात जेठ्या गांगड होता. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी हा सारा काळ लिहून ठेवला आहे. केंद्र सुरू झाले ते या गोळीबारानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. पांढरपेशा माणूस पाड्याच्या वाटेवर दिसला की तो जंगल खात्याचा शिपाई, सावकाराचा कारभारी किंवा पोलीस असणार, असेच पिढ्यान्‌पिढ्यांचे अनुभव सांगत होते. त्या वाटेवरून दोन बायका आल्या आणि म्हणाल्या, मुलांना आमच्याकडे खेळायला पाठवा. लोकांनी दारे लावून घेतली यात नवल नाही.

केंद्राची बालवाडी बोर्डी गावात भरू लागली. खात्यापित्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी दादर सोडले होते ती दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले आली नाहीत. बोलावूनही आली नाहीत. असा प्रसंग आला की ‘या लोकांनाच शिक्षणाची आस्था नाही’ हे वाक्य तयार असते. संस्थेच्या पहिल्याच वर्षी ते उच्चारले गेले असते तर हा इतिहास लिहिण्याची वेळ आली नसती. ताराबाईंनी वस्तीवर जाऊन पाहिले. मोठे भावंड धाकट्याला कडेवर घेऊन बसले आहे, आईबाप उजाडायच्या आत कामाला गेले आहेत, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातल्या त्या स्वच्छ जागेत आपल्याला बसू देतील का याची धास्ती आहे. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या दारी जावे, एवढेच त्यातून निघत होते.

मग बाई रोज ठरल्या वेळी वस्तीवर जाऊ लागल्या. झाडाखाली नाही तर कुणाच्या सारवलेल्या अंगणात शाळा भरू लागली, आणि तिला अंगणवाडी म्हणू लागले. पहिला पाठ पाण्याचा. हातपाय धुणे, नखे काढणे, डोक्याला तेल, केस विंचरणे. हे सारे मुलांनी एकमेकांचे करायचे. मग गाणी, गोष्टी, बोटांची कामे. माँटेसरीच्या महागड्या संचाची जागा बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या शंखशिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, गुंजांनी, बांबूच्या कांड्यांनी आणि पानाफुलांनी घेतली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-मऊ ओळखायला रोमहून लाकूड आणायची गरज नव्हती. मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने, पुन्हा पुन्हा करून शिकायचे, हे त्या पद्धतीतले मर्म तेवढे कायम ठेवले. जवळपासच्या वाढत्या वयाच्या मुलींना हाताशी घेऊन बालसेविका म्हणून तयार केले. खर्च इतका थोडा की कुठल्याही गरीब गावाने उद्या सुरू करावी.

दादरच्या शिशुविहारचे काम आणि बोर्डीचे काम यांत ताराबाईंना दोन वेगवेगळ्या पद्धती दिसत नव्हत्या, असे मला त्यांचे लेखन वाचताना वाटते. ज्या मुलाला त्या दादरला मारू देत नव्हत्या, त्याच मुलाला बोर्डीच्या पाड्यावर उपाशी आणि अस्वच्छ राहू देणे त्यांना शक्य नव्हते. बालकाचा मान म्हटला की तो सगळ्या बालकांचा.

अंगणवाडीतून मूल प्राथमिक शाळेच्या वयाचे झाले की पुन्हा गळायचे, कारण घरातले धाकटे पुन्हा त्याच्या, किंवा बहुतेक वेळा तिच्या, कडेवर बसलेले असायचे. मुलीची गैरहजेरी ही पुष्कळदा तिच्या धाकट्या भावाची सोय असते. यावर केंद्राने काढलेला उपाय म्हणजे विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरलीने धाकट्याला घेऊनच यायचे, त्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात जायचे. बालवाडीतून पहिलीत जाताना जागा बदलत नाही, माणसे बदलत नाहीत, शिकण्याची तऱ्हाही एकदम बदलत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक सलग ‘पायाभूत स्तर’ मानला, तेव्हा देशभर त्याची नवी कल्पना म्हणून चर्चा झाली. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला ती कितीतरी आधी चालू झाली होती, आणि ती कोणा समितीने सुचवली नव्हती. कडेवरच्या पोराने सुचवली होती.

बोर्डी हे किनाऱ्याचे, वाड्यांचे, सुधारलेले गाव. खरी आदिवासी वस्ती आत डोंगरात. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था तिथे होती, तिच्या शेजाराचा आधार होता. बाकी सोयींच्या नावाने सारे मोकळे होते. ताराबाईंनी तेव्हा पासष्टी गाठली होती. या वयात माणसे मुलाबाळांकडे राहायला जातात. त्या टेकडीवर राहायला गेल्या.

कोसबाडला मुले गैरहजर राहण्याचे आणखी एक कारण भेटले, ते म्हणजे गुरे. सहा-सात वर्षांचा पोरगा कुणाच्या तरी गुरांमागे लागला की त्याचे दोन वेळचे खाणे सुटे. घरच्या हिशेबात तो कमावता. त्याला शाळेत घाला असे बापाला सांगणे म्हणजे घरातला एक घास कमी करा असे सांगणे. समजावून, ओरडून, कायदा दाखवून यातून वाट निघत नव्हती. तेव्हा बाई गुरांच्या मागे निघाल्या.

हीच कुरणशाळा. माझ्या मते संस्थेने केलेले सर्वांत धाडसी काम हेच, आणि त्याबद्दल शिक्षणशास्त्राच्या वर्गांतून फार कमी बोलले जाते. गुरे जिकडे चरायला जातील तिकडे शाळा जाणार, म्हणजे जागा रोज वेगळी. वेळ गुरांच्या सोयीची. ती सकाळी भुकेली असतात, पांगतात, पोरांना पळावे लागते. ऊन चढले की सावलीला रवंथ करत बसतात, तेव्हा पोरे मोकळी होतात आणि शाळा भरते. तीही अशी की मुलाचा एक डोळा गुरांवर राहणारच, आणि तो राहिला म्हणून रागवायचे नाही. एखादी गाय कुणाच्या शेताकडे वळली की मुलगा उठून जाणार, हाकलून परत येणार, आणि जिथे सोडले होते तिथून पुढे सुरू. भिंतीच नसल्या की ‘लक्ष दे’ या शब्दाचा अर्थ बदलतो. मुलाचे लक्ष टिकते ते शिकवण्यात रस असेल तरच.

मोजायला गुरे आहेत, दगड आहेत. लिहायला मऊ जमीन आहे आणि हातात काठी आहे. गवताच्या जाती, झाडांची नावे, कोणता पाला कशावर चालतो, कोणत्या पाखराचे घरटे कुठे, वारा कुठून आला की पाऊस येतो, यात शिकवणाऱ्या बाईपेक्षा मुलाला अधिक कळते. इथे शिक्षकाला विद्यार्थी व्हावे लागते आणि मुलाला पहिल्यांदाच असे वाटते की आपल्याला जे येते त्याला शाळेत किंमत आहे. ताराबाईंनी या प्रयोगाविषयी स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. दिवसा ज्यांना कुरणातही गाठता येत नव्हते अशांसाठी रात्रशाळा होती. कंदिलाभोवती दिवसभर राबलेली मुले आणि तरुण बसत.

भाषेचा प्रश्न या सगळ्याच्या तळाशी होता आणि आहे. नोकरीधंद्यापायी परदेशी राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी जगातल्या मोठ्या शहरांत आंतरराष्ट्रीय शाळा असतात. परक्या मुलखात मूल बावरू नये, त्याच्या ओळखीच्या भाषेत त्याला शिकता यावे, म्हणून आईबाप आणि कंपन्या तिथे मोठा खर्च करतात. तो योग्यच आहे. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचे मूल आपल्याच गावच्या शाळेच्या उंबरठ्यावर परदेशी ठरते, याकडे कुणाचे लक्ष गेले होते? घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात गुजराती. पहिल्या दिवशी बाई काय म्हणतात तेच कळत नाही. मूल गप्प बसते, गप्प बसले की ‘ढ’ ठरते, आणि काही दिवसांनी येईनासे होते. पटावर मात्र गैरहजर एवढाच शब्द पडतो. कोसबाडच्या शिक्षिकांना आधी पाड्याची बोली कानावर घ्यावी लागली. मुलाने घरचा शब्द वापरला तर तो चुकीचा नाही, ही त्यांची पहिली शिस्त. मुलाच्या शब्दापासून निघायचे आणि हळूहळू पुस्तकाच्या शब्दापर्यंत त्याला सोबत न्यायचे. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांची ही मुले. याच तालुक्यातले जिव्या सोमा म्हशे यांना पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली. रेघ, गोल, त्रिकोण या मुलांच्या घरच्या भिंतींवर होतेच. अक्षरओळखीची वाट तिथूनही निघते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या हाताखाली अनुताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर पदवी घेतली. कोसबाडला प्रशिक्षणासाठी ठिकठिकाणच्या शिक्षिका येत, तिथून परत जाऊन आपापल्या गावी बालवाड्या काढत. अनुताईंचे ‘बालवाडी कशी चालवावी’ हे छोटे पुस्तक त्यांपैकी पुष्कळींच्या पिशवीत असे. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या.

पुढची एकोणीस वर्षे अनुताईंची. संस्थापक गेल्यावर अशा संस्था मानपत्रे आणि पुतळे यांच्यात अडकतात. अनुताईंनी कामाची कक्षा वाढवली. मुलाच्या गैरहजेरीची पाळेमुळे आईच्या अवस्थेत आहेत हे त्यांना दिसले होते, म्हणून त्या स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळल्या, त्यांच्यासाठी ‘सावित्री’ हे मासिक चालवले. मूकबधिर मुलांसाठी काम सुरू केले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रमेश पानसे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ‘ग्राममंगल’ उभी केली. डहाणू तालुक्यात ऐने येथे तिचे काम पुढे वाढले आणि रचनावादी शिक्षणाच्या निमित्ताने महाराष्ट्रभर पोचले. १९८४ साली पद्मश्री, १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कार. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ही स्मरणिका बाजूला ठेवून आधी ते वाचावे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या. अखेरपर्यंत त्या याच मुलखाच्या राहिल्या.

संस्थेच्या कामाचा देशावर झालेला परिणाम एका नावात दिसतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि गावातल्या तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव दिले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिथून द्यायच्या असतात. जगात इतक्या लहान मुलांपर्यंत पोचणारी दुसरी योजना क्वचितच असेल आणि तिचा उगम आपल्या समुद्रकाठच्या एका वस्तीत आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा. त्याबरोबर एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. सरकारी अंगणवाडीत आहार आला, वजनकाटा आला, नोंदवह्या आल्या. सहा सेवांमध्ये शिक्षणाला कागदावर जागा आहे, पण सेविकेच्या दिवसात ती उरत नाही. अल्प मानधनावर काम करणाऱ्या त्या बाईचा यात दोष नाही. तिच्याकडे वेळ आणि प्रशिक्षण दोन्ही पुरेसे दिलेले नाहीत. बोर्डीच्या अंगणात आधी नखे काढली जात आणि मग गोष्ट सांगितली जाई. ती गोष्ट सांगण्याचे राहून जाता कामा नये.

१९६० साली राज्याची पुनर्रचना झाली, उंबरगावचा भाग गुजरातेत गेला आणि अलीकडचा तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. डहाणूला मुंबईची लोकल आली, महामार्ग रुंद झाला. आता गुराखी पोर क्वचित दिसते. गैरहजेरीची कारणे बदलली आहेत, संपलेली नाहीत. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मासेमारीच्या बोटींवर जातात. मुले सोबत जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा शाळेचे वर्ष संपलेले असते. कुरणशाळेचा विचार आज भट्टीवर न्यावा लागेल.

दुसरीकडे डहाणू आणि तलासरीच्या रस्त्यांवर इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे फलक वाढले आहेत. आदिवासी विकास विभागही काही मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो. आपल्या पोराला इंग्रजी यावे असे पाड्यावरच्या बापाला वाटते, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. ज्याची फसवणूक नेहमी न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर झाली, त्याला सत्तेची भाषा कोणती हे पुरते ठाऊक आहे. इंग्रजी या मुलांना मिळालीच पाहिजे, आणि चांगली मिळाली पाहिजे. पण सहा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून, त्याची बोली कुणालाच समजत नाही अशा दूरच्या वसतिगृहात ठेवून ती द्यायची, हे कोसबाडच्या अनुभवाच्या नेमके उलट आहे. आधी घरची भाषा, तिच्यातून मराठी, आणि त्या दोन्हींच्या बळावर इंग्रजी, हा रस्ता लांबचा वाटतो. आठ दशकांत इथे जे शिकले गेले ते हेच सांगते की मुलाला न गळता शेवटपर्यंत नेणारा रस्ता तोच आहे.

या मुलखात केंद्राच्या अंगणवाडीत, विकासवाडीत किंवा कुरणशाळेत शिकलेली माणसे आज आजोबा-आज्या झाली आहेत. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी काही लिहून ठेवले आहे. ताराबाई आणि अनुताईंची बाजू पुस्तकांत आहे. ज्यांना शोधत त्या पाड्यांवर गेल्या, त्या मुलांची बाजू अजून कागदावर यायची आहे. शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे, त्यांच्या बोलीत त्यांचे बोलणे नोंदवावे. ज्या घरांत ‘शिक्षणपत्रिके’चे जुने अंक, बोर्डी-कोसबाडची पत्रे, छायाचित्रे, हाताने केलेले बालसाहित्य पडून असेल त्यांनी ते संस्थेच्या स्वाधीन करावे. शताब्दीच्या वर्षात एवढे काम झाले तर पुढच्या स्मरणिकेतला इतिहास लिहिणारा त्या मुलांपैकीच कोणाचा तरी नातू किंवा नात असेल, आणि तो इतिहास या लेखापेक्षा खरा असेल.